आयसीयू की इमर्जन्सी? नर्सिंगमध्ये पुढे कुठे जावं? (इंदूर)

मालव्याची_लेक

नमस्कार मंडळी. मी इंदूरची, लोकमान्य नगरात राहते. बीएस्सी नर्सिंग झालं, नोंदणी झाली, आणि आता एका खासगी रुग्णालयात मेडिसिनच्या जनरल वॉर्डात आहे. मेट्रन मॅडमनी परवा बोलावून विचारलं, पुढे आयसीयूत जायचंय की इमर्जन्सीत? दोन्हीकडे जागा आहेत. महिनाअखेरीपर्यंत कळवायचंय.

मला खरंच ठरवता येत नाहीये. विद्यार्थी असताना दोन्हीकडे पोस्टिंग झालं होतं. आयसीयूत एका पेशंटबद्दल सगळं माहीत असतं, त्याचं औषध, त्याचा श्वास, लघवी किती झाली, सगळं. ते मला आवडलं. पण अनंत चतुर्दशीच्या रात्री, शहरात झांक्या निघतात तेव्हा, कॅज्युअल्टीत, म्हणजे इमर्जन्सीतच, ड्युटी लागली होती. त्या रात्री जे शिकले ते पुस्तकातून शिकले नसते.

घरी बाबांचं म्हणणं, इमर्जन्सीत नातेवाईक अंगावर येतात, तिथे जाऊ नकोस. आईचं म्हणणं, आयसीयूत रोज मृत्यू बघशील, मन कसं राहील. पुढे पोस्ट बेसिक डिप्लोमा (नोंदणीनंतरचा विशेष अभ्यासक्रम) करायचा विचार आहे, जमलं तर बाहेरदेशीही जायचंय. ज्यांनी या दोन्हींपैकी कुठेही काम केलंय त्यांनी कृपया मनापासून सांगा. कुठल्या रुग्णालयात जाऊ ते विचारत नाहीये, कामाबद्दल विचारतेय.

रामबागची_माई

बाळ, मी आयुष्यभर आयसीयूत काम केलं, इनचार्ज म्हणून निवृत्त झाले. त्यामुळे माझं माप तिकडेच झुकणार, हे आधीच धरून वाच.

आयसीयूतलं खरं काम ड्युटीच्या पहिल्या पंधरा मिनिटांत दिसतं. ओव्हर, म्हणजे आधीच्या ड्युटीकडून पेशंटची माहिती, घेताना फाईल वाचून मान डोलावणारी नर्स आणि पेशंटजवळ जाऊन ओव्हर घेणारी नर्स, यांत फार फरक असतो. ओठाजवळ श्वासाची ट्यूब किती सेंटीमीटरवर बांधलीय ते स्वतः बघायचं. ट्यूबच्या टोकाशी फुगवलेल्या फुग्याचं, म्हणजे कफचं, प्रेशर मोजायचं, २० ते ३० सेंटीमीटर पाण्याच्या दाबात हवं. कमी असेल तर तोंडातली लाळ फुप्फुसात उतरते, जास्त असेल तर श्वासनलिकेला जखम होते. डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर आहे का? पंपावर जे औषध चालू आहे त्याच्या सिरिंजवर लेबल आहे का, किती मिलीमध्ये किती घातलंय? मॉनिटरच्या अलार्मच्या मर्यादा आधीच्या ड्युटीत कुणी बंद तर करून ठेवल्या नाहीत ना? मग डोळ्यांच्या बाहुल्या, मग लघवीची पिशवी, मग पाठ. पाठ शेवटी ठेवतात आणि मग राहून जाते. तू राहू देऊ नकोस.

नॉरअ‍ॅड्रिनॅलिनची सिरिंज संपत आली की दुसरी भरून तयार हवी. त्या औषधावरच बीपी टिकून असतं, बदलायला मिनिटभर जास्त लागला तर ते कोसळतं. हे हात कसे चालवायचे ते कुणी तरी शेजारी उभं राहून शिकवावं लागतं.

आणि आई म्हणते त्याबद्दल. मृत्यू आहे, खरं आहे. पण आयसीयूतून चालत बाहेर गेलेली माणसं त्याहून कितीतरी जास्त बघितली मी.

निमाडी_ब्रदर

माईंना नमस्कार. मी खरगोनचा, इंदूरला इमर्जन्सीत ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, म्हणून नोकरी. ताई, तुमच्या बाबांची भीती खोटी नाही, त्यावर खाली लिहितो. आधी काम सांगतो.

इंदूरच्या इमर्जन्सीत फक्त इंदूर येत नाही. धार, झाबुआ, बडवानी, खरगोन, खंडवा, सगळीकडून रेफर होऊन येतात. पिथमपूरच्या कारखान्यांतून हात मशीनमध्ये गेलेले येतात, एबी रोडवरचे अपघात येतात, निमाडातून कापसावर फवारणी करताना विषबाधा झालेले येतात. तुमच्याकडे कागद नसतो, नाव नसतं, कधी कधी सोबत माणूसही नसतो. लाल, पिवळा, हिरवा, काळा अशी वर्गवारी करायची ती चेहरा, श्वास आणि नाडी बघून. छातीत दुखतंय म्हणून आलेल्या माणसाचा ईसीजी १० मिनिटांच्या आत निघून डॉक्टरच्या हातात पडला पाहिजे. लकवा असेल तर पहिला प्रश्न, शेवटचं ठीक कधी होतं? रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि नातेवाईक ‘सकाळपासून’ म्हणतात तेव्हा त्यांना खोदून विचारायचं काम बहुतेक वेळा नर्सच करते.

एक गोष्ट जरा सविस्तर लिहितो, कारण पावसाळ्यात ती रोजची आहे. सर्पदंशाचा पेशंट आला की आपण २० मिनिटांची रक्त गोठण्याची टेस्ट करतो. काही यंत्र लागत नाही. नवी, कोरडी, काचेची टेस्ट ट्यूब, त्यात शिरेतून काढलेलं दोन मिली रक्त, आणि २० मिनिटं ती ट्यूब कुणी हलवायची नाही. मग एकदाच तिरकी करून बघायचं. रक्त पातळ वाहिलं तर विषाने गोठण्याची क्रिया बिघडवलीय. प्लास्टिकची ट्यूब चालत नाही, डिटर्जंटने धुतलेली चालत नाही, दर पाच मिनिटांनी उचलून बघितलेली तर नाहीच नाही. इतकी साधी टेस्ट, पण तिच्यावर अँटीव्हेनम (विषावरचा उतारा) द्यायचं की थांबायचं हे अवलंबून असतं. आणि अँटीव्हेनम सुरू करण्याआधी अ‍ॅड्रिनॅलिन भरून हाताशी ठेवायचं, कारण रिअ‍ॅक्शन येऊ शकते.

पण मण्यार चावली असेल तर ही टेस्ट नॉर्मल येते. जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री चावते, दुखत नाही, सूज नाही, कधी खूणही सापडत नाही. पहाटे पोट दुखतंय म्हणून येतो. तेव्हा त्याच्या पापण्या बघत राहायचं. पापण्या जड व्हायला लागल्या की पुढे गिळणं जातं, मग श्वास. ‘ब्रदर, झोप येतेय त्याला, झोपू द्या’ असं घरचे म्हणतात, आणि तो झोपत नसतो.

मला हे काम आवडतं कारण इथे तुमची नजर कामाला येते.

रामबागची_माई

निमाडी_ब्रदर, फार चांगलं लिहिलंत. तुमचा हाच मण्यारचा पेशंट पुढे माझ्याकडे व्हेंटिलेटरवर येतो, आणि तिथून पुढचं मला सांगायचंय.

त्याचे स्नायू पूर्ण लुळे पडलेले असतात. डोळे उघडत नाही, हात हलवत नाही, हाक मारली तर प्रतिसाद नाही. नवीन नर्स ओव्हरमध्ये लिहिते, ‘बेशुद्ध’. तो बेशुद्ध नसतो! सगळं ऐकू येत असतं, सुई टोचलेली कळत असते. त्याच्या पायथ्याशी उभं राहून ‘याचं काही खरं नाही’ असं कुणी बोललं तर तेही त्याला कळतं. माझ्याकडे अशा पेशंटशी बोलण्याचा नियम होता. मी कोण, आता काय करतेय, सक्शन करतेय (नळीतला कफ ओढून काढतेय), खोकला येईल, बाहेर भाऊ बसलाय, आज वार अमुक. पापण्या आपल्या बोटांनी उघडून त्याला घड्याळ दाखवायचं. डोळे बंद होत नसतील तर ओल्या गॉझने झाकायचे, नाहीतर बुबुळ कोरडं पडून जखम होते. आणि ही माणसं बरी होतात, काही दिवसांत उठून बसतात. एकदा एक मुलगा ट्यूब निघाल्यावर माझ्याकडे बघून म्हणाला, आवाज तुमचाच होता.

मालव्याची_लेक, तू लिहिलंस ना, एका पेशंटबद्दल सगळं माहीत असणं आवडलं. ते हे आहे.

कृष्णपुरा

वाचतेय. माझी भाची नर्सिंगला आहे, तिला हा धागा पाठवला.

सुदामानगरकर

मी नर्सिंगमधला नाही. माझे वडील आयसीयूत होते, त्या अनुभवावरून लिहितो.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यांना भ्रम व्हायला लागला. भिंतीवर माणसं दिसायची, नळ्या ओढायचे, मला ओळखेनात. आम्ही घाबरलो, वाटलं डोक्यात काहीतरी झालं. डॉक्टरांनी सांगितलं की आयसीयूत वयस्कर माणसांना असं होतं, उतरेल. पण ते उतरवलं एका सिस्टरने. तिने आम्हाला घरून चष्मा आणि कानाचं यंत्र आणायला लावलं. रात्री त्यांच्या बाजूचा दिवा मंद केला, दिवसा पडदा उघडायला लावला. दर वेळी जवळ आली की, ‘काका, आज गुरुवार, सकाळचे दहा वाजलेत, तुम्ही दवाखान्यात आहात, काकू बाहेर आहेत.’ मराठीत बोलायची, कारण वडिलांना त्या अवस्थेत हिंदी कळेनाशी झाली होती. एरवी अख्खं आयुष्य इंदूरात हिंदीत नोकरी केलेला माणूस!

तिचं नावही आम्हाला नंतर कळलं. ताई, तुम्ही जिथे जाल तिथे जा, पण घरच्यांना वाटतं तेवढं हे काम फक्त मशिनींचं नाही, हे तुमच्या आईला सांगा.

उत्तररात्र

मी दुसरी बाजू मांडते. आयसीयूत काही वर्षं काढून इमर्जन्सीत आले, स्वतः मागून घेतली बदली.

मृत्यूने दमले नव्हते. दमले ते लांबवण्याने. जो पेशंट परत येणार नाही हे सगळ्यांना कळलंय, त्याला आपण रोज टोचतोय, सक्शन करतोय, कूस बदलतोय, आणि बाहेर मुलगा शेतीचा तुकडा विकतोय. निर्णय आपल्या हातात नसतो, हात मात्र आपलेच असतात. माझ्या युनिटमध्ये त्यावर बोलायची पद्धतच नव्हती. डॉक्टर नातेवाइकांशी मोजकं बोलून निघून जायचे आणि मग सगळे प्रश्न आमच्याकडे.

इमर्जन्सीत दुसरा त्रास आहे. पेशंट वर आयसीयूत गेला की पुढे काय झालं ते कळत नाही. पहिले काही महिने मी ड्युटी संपल्यावर वर फोन करून विचारायचे. आता माझ्या इनचार्जने चांगली पद्धत लावलीय, आठवड्यातून एकदा आयसीयूकडून आम्ही पाठवलेल्या पेशंटचं कळतं. त्याने फार फरक पडला. कुठेही जाशील तर हे विचार, वाईट ड्युटीनंतर तिथे कुणी बसून बोलतं का.

निमाडी_ब्रदर

उत्तररात्र, पूर्ण सहमत.

आता बाबांची भीती. हो, नातेवाईक चिडतात. मी बघितलंय की बहुतेक भांडणं उपचारावरून होत नाहीत, कळत नसल्यावरून होतात. बाहेर बसलेल्या माणसाला अर्धा तास कुणी काही सांगत नाही, आणि त्याच्या नंतर आलेला पेशंट आत घेतला जातो. ट्रायाजला, म्हणजे दाराशी पेशंटची वर्गवारी करायला, उभी असलेली नर्स जर दर थोड्या वेळाने जाऊन सांगत राहिली, ‘तुमच्या आईंचा ईसीजी झालाय, रिपोर्टची वाट बघतोय, आत्ता ज्यांना आत घेतलं त्यांचा श्वास बंद होत होता’, तर बराच ताण निवळतो. रंगपंचमीच्या गेरच्या (रंगांच्या मिरवणुकीच्या) दिवशी मात्र पिऊन आलेल्यांना हे सांगून भागत नाही. तिथे सिक्युरिटी हवी, आणि ती कागदावर आहे की दारात उभी आहे, ते स्वतः रात्री जाऊन बघा.

दुसरं म्हणजे एमएलसी, पोलिसांत नोंदवायच्या केसेस. अपघात, विष, भाजणं, मारहाण, सगळं पोलिसांत कळवावं लागतं. कपडे कापताना जखमेच्या भोकातून कापायचे नाहीत, वाळवून कागदात बांधून द्यायचे. वेळ घड्याळ बघून लिहायची, अंदाजाने नाही. तुमची नोंद पुढे कोर्टात वाचली जाते. यात कंटाळणारे लोक असतात. मला वाटतं, ज्याच्यासोबत कुणीच आलेलं नाही त्याची बाजू मांडणारा तो एकच कागद असतो.

डॉ_पलासिया

धागा उत्तम चाललाय. मी भूलतज्ज्ञ, आयसीयू बघतो.

थोडा इतिहास, कारण तो या प्रश्नाला लागू आहे. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची भयंकर साथ आली. श्वास बंद पडलेल्या मुलांना वाचवायला पुरेशी यंत्रं नव्हती. ब्योर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने गळ्यात नळी घालून हाताने पिशवी दाबून श्वास देण्याची पद्धत लावली, आणि वैद्यकीय विद्यार्थी पाळीपाळीने रात्रंदिवस त्या पिशव्या दाबत बसले. त्यातून १९५३ च्या अखेरीस पहिलं आयसीयू उभं राहिलं. म्हणजे आयसीयूची सुरुवातच मुळी साथीच्या आणीबाणीतून झाली. आपल्याकडे इमर्जन्सी मेडिसिनला डॉक्टरांची स्वतंत्र शाखा म्हणून मान्यता २००९ मध्ये मिळाली. त्यामुळे इमर्जन्सीतलं नर्सिंगही अजून घडतंय. तिथे शिकवणारे सीनियर कमी आहेत, पण नव्या माणसाला वावही जास्त आहे.

दुसरं, वर आयसीयूत बेड रिकामा नसला की व्हेंटिलेटरवरचा पेशंट कित्येक तास खाली इमर्जन्सीतच राहतो. तेव्हा त्याला आयसीयूची नर्स लागते आणि ती तिथे नसते. ज्या इमर्जन्सीत व्हेंटिलेटर समजणारी एक जरी सिस्टर असेल, तिथला फरक आम्हाला वर पेशंट आल्याबरोबर कळतो.

मालव्याची_लेक

सगळ्यांचे किती आभार मानू! सुदामानगरकर, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती काही बोलली नाही, पण फोन माझ्या हातातून घेऊन परत वाचला.

माझी खरी भीती आता स्पष्ट झाली. कामाची भीती नाही, एकटं सोडण्याची आहे. माझी एक मैत्रीण दुसरीकडे आयसीयूत लागली, आणि लगेचच तिच्याकडे व्हेंटिलेटरवरचे तीन पेशंट दिले. ती रडत घरी यायची. मेट्रन मॅडमना नक्की काय विचारू? आणि माई, तुम्ही म्हणाल आधी आयसीयू, ब्रदर म्हणतील आधी इमर्जन्सी, असं आहे का?

रामबागची_माई

हो, माझं मत आधी आयसीयू. का, ते सांगते. आयसीयूत कारण कळतं. बीपी पडलं तर मॅप, म्हणजे सरासरी रक्तदाब, ६५ च्या खाली का जाऊ द्यायचा नाही, लघवी ताशी मोजायची ती का, एबीजीत, म्हणजे धमनीच्या रक्तातल्या वायूंच्या तपासणीत, काय बदललं, हे तुझ्या डोळ्यांसमोर तासातासाने घडतं. तो पाया झाला की इमर्जन्सीत घाई असतानाही हात बरोबर चालतो.

पण हे चांगल्या आयसीयूबद्दल झालं. मैत्रिणीचं झालं ते चूकच आहे. व्हेंटिलेटरवरच्या एका पेशंटमागे एक नर्स, हेच इंडियन नर्सिंग कौन्सिलचं प्रमाण आहे. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी दोन देतात. तीन म्हणजे कुणाचीच धड सेवा होत नाही. मेट्रनना विचार, मला किती आठवडे सीनियरच्या जोडीला ठेवणार? त्या काळात मला ड्युटीवरच्या नर्सांच्या मोजणीत धरणार का? मोजणीत धरलं तर जोडी नावापुरती राहते. दुसऱ्या वॉर्डात कमी पडलं की ओढून नेतात का? आणि परवानगी काढून दोन्हीकडे एक एक पूर्ण नाईट नुसती बसून बघ. दिवसा सगळी युनिटं चांगली दिसतात.

अजून एक लिहिल्याशिवाय राहवत नाही. आपल्या इंदूरचं नाव अवयवदानासाठी घेतात, अवयव नेणाऱ्या गाडीसाठीच्या ग्रीन कॉरिडॉरच्या बातम्या येतात, रस्ते मोकळे केलेले फोटो येतात. त्या गाडीच्या आधीची रात्र आयसीयूतल्या नर्सने काढलेली असते. १९९४ च्या कायद्याप्रमाणे चार डॉक्टरांचं पॅनेल मेंदू मृत झाल्याची तपासणी दोनदा करतं, दोन्हींत निदान सहा तासांचं अंतर. त्या वेळात मेंदूचं नियंत्रण गेलेलं असतं, म्हणून लघवी लिटरने वाहते, बीपी खाली, अंग गार. ते सगळं सांभाळायचं, कारण यकृत आणि मूत्रपिंडं कुणाची तरी वाट बघतायत. आणि त्याच वेळी त्याची आई येऊन हात धरते, हात गरम लागतो, छाती वरखाली होते, ती विचारते, सिस्टर, हा जिवंतच आहे ना? उत्तर डॉक्टरांनी दिलेलं असतं, तरी ती तुलाच विचारते. खुर्ची द्यायची, पाणी द्यायचं, आणि खोटं बोलायचं नाही.

निमाडी_ब्रदर

माई, इथे मी वेगळं म्हणेन. आयसीयूत पेशंट जोडून मिळतो. शिरेत लाइन लागलेली, निदान झालेलं, मॉनिटर लागलेला. शॉकमधल्या माणसाची शीर सापडत नाही तेव्हा ती कशी शोधायची, हे इमर्जन्सीत शिकल्यावर आयुष्यभर पुरतं. मी असे आयसीयूतले लोक बघितलेत, मॉनिटर बंद पडला की पेशंटकडे बघायच्या आधी वायर तपासतात. उलट आम्हा इमर्जन्सीवाल्यांची खोड म्हणजे धीर नसतो, चार तास एकाच पेशंटजवळ बसवलं की अस्वस्थ होतो.

म्हणून ताई, कोण तुम्हाला शिकवणार आहे, त्यावर ठरवा. विभाग दुय्यम.

लेस्टरहून

बाहेरदेशी जायचं म्हणालात म्हणून. मी मूळची बडोद्याची, इथे इंग्लंडमध्ये क्रिटिकल केअरला, म्हणजे आयसीयूतच, आहे. इथे पूर्ण आधारावरच्या पेशंटमागे एक नर्स आणि त्याखालच्या पातळीला दोघांमागे एक, हे पाळलं जातं. दोन्ही अनुभवांना मागणी आहे. मुलाखतीत सगळ्यांत जास्त विचारतात ते हेच, पेशंट बिघडतोय हे तुम्ही कसं ओळखलंत आणि कुणाला, कोणत्या शब्दांत सांगितलंत. वॉर्डातही याची सवय लावता येते. अमेरिकेचा विचार असेल आणि पुढे भूल देणारी नर्स व्हायचं असेल, तर तिथे आयसीयूचा अनुभव सक्तीचा आहे, इमर्जन्सीचा सहसा धरत नाहीत. तेवढा एक मुद्दा आयसीयूच्या बाजूने.

मालव्याची_लेक

मंडळी, दोन्हीकडे एक एक नाईट बसले आणि माईंनी सांगितलेले सगळे प्रश्न मेट्रन मॅडमना विचारले. त्या रागावतील असं वाटलं होतं, उलट म्हणाल्या, हे सगळ्यांनी विचारायला हवं.

आमच्या आयसीयूत सध्या तीन सिस्टर सोडून गेल्यात, त्यामुळे मला दुसऱ्या आठवड्यापासून मोजणीत धरणार आहेत. इमर्जन्सीत एक सीनियर ब्रदर आहेत, आधी आयसीयूत होते. ते म्हणाले, दोन महिने माझ्यासोबत सगळ्या ड्युट्या कर, वर बेड नसला की व्हेंटिलेटरचा पेशंट आपण दोघं बघू. त्या रात्री मी बघितलं, एका म्हाताऱ्या आजींना दम लागला होता, ब्रदर मास्क लावता लावता मला दाखवत होते की मानेचे स्नायू कसे ओढले जातायत. तिथेच ठरलं.

इमर्जन्सी घेतलीय. वर्षभराने क्रिटिकल केअरचा डिप्लोमा करीन असं बाबांना सांगितलंय. बाबा रात्री गेटवर सिक्युरिटी आहे का ते स्वतः बघून आले.

रामबागची_माई

योग्य केलंस. जिथे शिकवणारा माणूस आहे तिथेच जायचं. बीएलएस आणि एसीएलएस (हृदय बंद पडल्यावर जीव वाचवण्याचे कोर्स) लगेच करून घे, दोन्हीची मुदत दोन वर्षांची असते. खर्च रुग्णालय करतं का, ते रुजू होण्याआधी विचार, नंतर टाळतात.

कृष्णपुरा

माई, एक शंका. भाचीचं जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, आहे, बीएस्सी नाही. तिलाही हा क्रिटिकल केअरचा डिप्लोमा करता येतो का?

रामबागची_माई

येतो. पोस्ट बेसिक डिप्लोमा एक वर्षाचा असतो, नोंदणी झालेली जीएनएमही चालते, प्रत्यक्ष कामाचा निदान एक वर्षाचा अनुभव लागतो. इमर्जन्सी आणि डिझास्टर नर्सिंगचाही तसाच आहे. नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा निवासी अभ्यासक्रम मात्र बीएस्सीनंतरच. प्रवेश घेण्याआधी त्या संस्थेला कौन्सिलची मान्यता चालू वर्षासाठी आहे का ते तिला स्वतः तपासायला सांगा. आणि कॉलेजचं स्वतःचं आयसीयू आहे की विद्यार्थ्यांना दुसरीकडे पाठवतात, तेही.